गाण्याचे गुरुजी

प्रास्ताविक : एस्टोनिया हा युरोपातील एक लहानसा देश. तेथील वृंदगान संचालक व संगीतशिक्षक गुस्ताव एर्नेसाक्स यांच्या जीवनकार्याची ओळख या पाठात करून दिली आहे. अनेकांना एकत्र गायला शिकवणारा शिक्षक आपल्या भाषेची आणि समाजाची केवढी सेवा करू शकतो, हे या पाठावरून आपल्या लक्षात येईल.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. स्वातंत्र्यदिन जवळ आला होता. शाळेच्या मैदानावर रोज समूहगीताचा सराव चाले. मीही मोठ्या हौसेने रांगेत उभा राहत असे. तेव्हा माझा आवाज फुटत होता. उंच सूर लावायला गेलो, की तो मध्येच चिरके. दोन दिवस सरांनी ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “तू रांगेत उभा राहा, पण आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव.”

पंधरा ऑगस्टला मी नुसते ओठ हलवले. कार्यक्रम छान झाला. खूप टाळ्या पडल्या. घरी गेल्यावर अम्मीने विचारले, “बेटा, कसं झालं गाणं?” मी म्हणालो, “छान झालं.” पण त्या टाळ्यांत माझा वाटा नव्हता, हे मला ठाऊक होते.

सरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना गाणे चांगले व्हावे असे वाटत होते. पुढे मी स्वतः शिक्षक झालो. परिपाठाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा तोच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. ज्याचा सूर लागत नाही, त्याने गाऊ नये का? या प्रश्नाचे उत्तर मला एका दूरच्या देशातील संगीतशिक्षकाच्या चरित्रात सापडले. त्यांचे नाव गुस्ताव एर्नेसाक्स.

युरोपच्या नकाशात उत्तरेकडे पाहा. बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया हा चिमुकला देश दिसेल. त्याची लोकसंख्या चौदा लाखांच्याही आतच आहे. आपल्या राज्यातील एखाद्या मोठ्या शहरात याहून अधिक माणसे राहतात. या लोकांची भाषा वेगळी आहे. शेजारच्या रशियन किंवा जर्मन भाषेशी तिचे नाते नाही. शेकडो वर्षे या देशावर कधी जर्मन सरदारांची, कधी स्वीडनच्या राजाची, तर कधी रशियाच्या झारची सत्ता होती. राज्यकारभाराची भाषा परक्यांची असे. एस्टोनियन भाषा ही खेड्यातल्या शेतकऱ्यांची भाषा मानली जाई. मोठ्या पदावर जायचे असेल, तर आपली भाषा बाजूला ठेवावी लागे.

या लोकांनी आपली भाषा जपली ती गाण्यांतून. १८६९ साली तार्तू या शहरात पहिला गानमहोत्सव भरला. निरनिराळ्या गावांतून सुमारे आठशे पुरुष आले आणि त्यांनी एकत्र गाणी गायिली. योहान व्होल्देमार यान्सेन या वृत्तपत्र संपादकाने हा महोत्सव भरवण्यात पुढाकार घेतला होता. त्यांची मुलगी लिडिया कोइदुला ही कवयित्री होती. ‘कोइदुला’ हे तिचे टोपणनाव. त्याचा अर्थ ‘पहाटेची’. तिची कविताही त्या महोत्सवात गायिली गेली. ‘माझी मायभूमी हेच माझे प्रेम’ अशा अर्थाचे तिचे नाव होते. ही कविता लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

गुस्ताव एर्नेसाक्स यांचा जन्म १२ डिसेंबर १९०८ रोजी पेरिला नावाच्या खेड्यात झाला. तेव्हा त्यांचा देश रशियाच्या अमलाखाली होता. गुस्ताव नऊ-दहा वर्षांचा असताना, १९१८ साली, एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. गुस्ताव पुढे ताल्लिन या राजधानीच्या शहरात संगीत शिकला. १९३१ साली त्याने शालेय संगीतशिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९३४ साली संगीतरचनेचा. एवढे शिकल्यावर मोठ्या मैफिली गाजवण्याचे स्वप्न कोणीही पाहिले असते. एर्नेसाक्स यांनी मात्र शाळेत मुलांना गाणे शिकवण्याचे काम पत्करले. मुलांसाठी त्यांनी गाणीही केली. आगगाडीच्या प्रवासावरचे त्यांचे एक गाणे तिथल्या लहान मुलांना आजही येते. पुढे ते ताल्लिनच्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले.

वृंदगान संचालक म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. आपण शाळेत समूहगीत गातो, तेव्हा सगळे एकाच चालीत गातात. कव्वालीत मुख्य कव्वाल ओळ गातो आणि साथीदार ती उचलून धरतात. युरोपातील वृंदगानाची रीत निराळी आहे. तेथे गायकांचे बहुधा चार गट करतात. स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज, तसेच पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज. प्रत्येक गटाची चाल वेगळी असते. पण त्या एकाच वेळी गायिल्या की एकमेकींत मिसळून एकच गाणे तयार होते. चार रंगांचे धागे विणून सतरंजी व्हावी, तसे.

या गायकांसमोर जो उभा राहतो, तो संचालक. तो स्वतः गात नाही. त्याचे हात बोलतात. हात वर गेला, की सर्वजण एकदम श्वास घेतात. हात खाली आला, की सर्वांच्या तोंडून एकच अक्षर एकाच क्षणी बाहेर पडते. हात मिटला, की हजारो आवाज एकदम थांबतात. एकाने शब्दाचे शेवटचे अक्षर जरा उशिरा उच्चारले, तरी गाण्यात खडा लागल्यासारखे होते. म्हणून संचालकाचे खरे काम कार्यक्रमाच्या दिवशी नसते. ते त्याआधी कित्येक महिने चालू असते.

एस्टोनियातील गानमहोत्सव आता साधारणपणे दर पाच वर्षांनी भरतो. त्यात हजारो गायक भाग घेतात. ते काही व्यावसायिक गायक नसतात. त्यांत शेतकरी असतात, कारखान्यातले कामगार असतात, परिचारिका असतात, शाळेतली मुले असतात. गाण्यांची पुस्तके आधी गावोगाव जातात. तिथला संगीतशिक्षक आपल्या गटाकडून ती गाणी पाठ करून घेतो. मग गटांची परीक्षा होते आणि शेवटी सारे ताल्लिनच्या मोठ्या मैदानावर एकत्र येतात.

एवढ्या मोठ्या समूहाला एका तालात ठेवणे सोपे नसते. विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात, की हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. दोन गायकांमध्ये शंभर मीटर अंतर असेल, तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. दूरचा आवाज ऐकून जो गाईल, तो मागेच पडणार. म्हणून अशा ठिकाणी गायकाने कानांपेक्षा डोळ्यांवर विसंबायचे असते. संचालक उंच चौथऱ्यावर उभा राहतो आणि सर्वांच्या नजरा त्याच्या हाताकडे लागलेल्या असतात. एर्नेसाक्स या कामात अत्यंत कुशल होते.

पण त्यांच्या वाट्याला आलेला काळ फार कठीण होता. १९४० साली सोव्हिएत संघाने एस्टोनिया गिळंकृत केला. १९४१ साली जर्मन फौजा आल्या. १९४४ साली पुन्हा सोव्हिएत सत्ता आली. महायुद्धाच्या काळात एर्नेसाक्स रशियातील यारोस्लाव्हल शहरात होते. तेथे एस्टोनियन कलावंतांची पथके जमवण्यात आली होती. त्यांतील पुरुष गायक घेऊन त्यांनी १९४४ साली एक गानवृंद उभा केला. हा वृंद पुढे फार नावारूपाला आला. सुमारे तीस वर्षे एर्नेसाक्स त्याचे प्रमुख होते. दिमित्री शोस्ताकोविच या जगप्रसिद्ध रशियन संगीतकाराने १९७० साली आपली एक रचना खास या वृंदासाठी केली आणि ती एर्नेसाक्स यांना अर्पण केली.

१९४४ सालीच एर्नेसाक्स यांनी आणखी एक काम केले. कोइदुलाच्या त्या जुन्या कवितेला त्यांनी नवी चाल दिली. चाल साधी होती. ती हळूहळू चढत जाते आणि कोणालाही सहज गाता येते. १९४७ च्या महोत्सवात हे गाणे गायिले गेले आणि लोकांच्या मनात जाऊन बसले.

सत्ताधाऱ्यांना मात्र असे गाणे नको होते. त्यांना पक्षाची आणि नेत्यांची स्तुती करणारी गाणी हवी होती. १९४९ साली वीस हजारांहून अधिक एस्टोनियन लोकांना घरांतून उचलून सैबेरियात पाठवण्यात आले. १९५० च्या महोत्सवाची तयारी चालू असताना तूदुर वेत्तिक, रिहो पात्स आणि आल्फ्रेद कारिंदी या तीन प्रमुख संचालकांना अटक झाली. हे तिघेही एर्नेसाक्स यांचे सहकारी होते. कोइदुलाचे गाणे महोत्सवाच्या कार्यक्रमातून वगळले गेले.

एर्नेसाक्स बाहेर राहिले. त्यांनी आपले काम सोडले नाही. सोव्हिएत एस्टोनियाच्या राज्यगीताला त्यांनीच चाल दिली होती. सरकारचे मोठमोठे पुरस्कारही त्यांना मिळाले. सहकारी तुरुंगात असताना आपण सरकारी सन्मान घ्यावेत का? या प्रश्नावर आजही दोन मते होऊ शकतात. कोणी म्हणेल, त्यांनी सत्तेपुढे मान तुकवली. कोणी म्हणेल, ते तुरुंगात गेले असते, तर गावोगावच्या गायकांना एकत्र कोणी ठेवले असते? त्यांनी पुढे आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. त्याचे नाव एका म्हणीवरून घेतलेले आहे. त्याचा अर्थ असा, ‘तोंड गाते, काळीज काळजी करते.’ एवढ्या चार शब्दांत त्यांच्या मनाची अवस्था आपल्याला कळते.

मग १९६० साल उजाडले. ताल्लिनच्या मैदानावर भव्य कमानीसारखे नवे व्यासपीठ उभारले होते. गायकांचा आवाज त्या कमानीवर आपटून श्रोत्यांपर्यंत जावा, अशी त्याची रचना आहे. महोत्सव झाला. ठरलेली गाणी गाऊन झाली. कोइदुलाचे गाणे कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. पण कार्यक्रम संपल्यावरही लोक हलेनात. गायकांतून ते गाणे सुरू झाले. श्रोते उभे राहिले आणि तेही गाऊ लागले. कोणी हुकूम केला नव्हता. कोणाच्या हातात पुस्तक नव्हते. गाणे सर्वांना पाठ होते. एर्नेसाक्स पुढे आले, चौथऱ्यावर चढले आणि त्यांनी हात वर केला.

विचार करा. एका माणसाला अटक करता येते. तीन संचालकांना तुरुंगात टाकता येते. पण एकाच सुरात गाणाऱ्या हजारो माणसांचे काय करणार? पुढे सरकारलाही ते गाणे महोत्सवात गाऊ द्यावे लागले. ते एस्टोनियाचे न लिहिलेले राष्ट्रगीतच झाले. महोत्सवाचा शेवट त्या गाण्याने होऊ लागला. लोक एर्नेसाक्स यांना प्रेमाने ‘गाण्याचे आजोबा’ म्हणू लागले.

या सर्व काळात त्यांचे शिकवणे चालूच होते. वृंदगान संचालकांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. पुढे मोठे नाव मिळवलेले संचालक एरी क्लास हे त्यांचेच विद्यार्थी. परंतु प्रसिद्ध न झालेले विद्यार्थीही कमी महत्त्वाचे नव्हते. ते लहान लहान गावांत गेले. तिथल्या शाळांत त्यांनी मुलांना गायला शिकवले. त्या मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांना शिकवले. १९६० साली मैदानावर जे घडले, त्याची तयारी अशा वर्गावर्गांतून झाली होती.

१९८८ च्या उन्हाळ्यात ताल्लिनच्या त्याच मैदानावर लोक रात्री जमू लागले आणि आपली गाणी गाऊ लागले. त्या वर्षी सप्टेंबरमधील सभेला सुमारे तीन लाख लोक आले होते असे सांगतात. त्यांच्या हातांत शस्त्रे नव्हती. म्हणून या चळवळीला ‘गाणारी क्रांती’ असे नाव पडले. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. एर्नेसाक्स यांना तो दिवस पाहायला मिळाला. त्यानंतर दीड वर्षाने, २४ जानेवारी १९९३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

केवळ गाण्यामुळे एखादा देश स्वतंत्र होतो, असे म्हणणे बरोबर नाही. त्यामागे राजकारणातील अनेक कारणे होती. सोव्हिएत संघच त्या वेळी मोडकळीस आला होता. पण संधी आली तेव्हा लोक एकत्र येऊ शकले, कारण एकत्र येण्याची सवय त्यांना आधीच लागलेली होती. एकत्र गाताना माणूस दोन गोष्टी शिकतो. आपला आवाज लावायचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकायचा. ज्याला या दोन्ही गोष्टी जमतात, तो चांगला नागरिक होतो.

आज ताल्लिनच्या त्या मैदानावर एर्नेसाक्स यांचा पुतळा आहे. तो २००४ साली बसवला. महापुरुषांचे पुतळे बहुधा उंच चौथऱ्यावर उभे असतात. हा पुतळा बसलेला आहे. श्रोत्यांमध्ये बसून ते व्यासपीठाकडे पाहत आहेत. लहान मुले त्यांच्या मांडीवर चढून बसतात. २००८ साली बाल्टिक देशांतील गानमहोत्सवांचा समावेश युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. २०१९ साली महोत्सवाला दीडशे वर्षे झाली, तेव्हा त्या महोत्सवाचे नावही कोइदुलाच्या त्या कवितेवरूनच ठेवले होते.

आता माझ्या प्रश्नाकडे वळतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गात एका मुलाचा आवाज फुटत होता. गाताना त्याचा सूर चिरके आणि मुले हसत. एके दिवशी तो रांगेत नुसते ओठ हलवताना मला दिसला. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते. तो आपणहून गप्प झाला होता.

सराव संपल्यावर मी त्याला जवळ बोलावले. एर्नेसाक्स यांचा प्रसिद्ध गानवृंद पुरुषांचा होता आणि त्यात खालच्या आवाजांना मोठे मोल होते, हे मी त्याला सांगितले. मग त्याच्याकडून तीच ओळ खालच्या पट्टीत म्हणवून घेतली. आवाज चिरकला नाही. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले. मी आणखी पाच-सहा मोठ्या मुलांना त्याच्यासोबत उभे केले. उंच आवाजाची मुले वरच्या पट्टीत गाऊ लागली आणि ही मुले खालच्या पट्टीत. आमचे परिपाठातले गाणे पूर्वीपेक्षा भरदार झाले.

मित्रांनो, उर्दू ही आपली मादरी जबान आहे. मराठी ही आपल्या राज्याची भाषा आपण शिकत आहोत. शिकताना उच्चार चुकतो, शब्द अडतो, कोणी हसते. म्हणून काही मुले वर्गात नुसते ओठ हलवतात. तुम्ही तसे करू नका. आवाज काढा. चुकला तर शिक्षक दुरुस्त करतील. पण जो आवाज निघालाच नाही, तो कोणीही दुरुस्त करू शकत नाही.

शब्दार्थ

वृंदगान : अनेकांनी मिळून गायिलेले गाणे
संचालक : चालवणारा, मार्गदर्शन करणारा
हौस : आवड, उत्साह
चिरकणे : आवाज फाटणे
परिपाठ : शाळा सुरू होताना होणारा रोजचा कार्यक्रम
अंमल : सत्ता, राज्य
टोपणनाव : लेखनासाठी घेतलेले दुसरे नाव
पट्टी : गाण्यातील आवाजाची उंची
व्यासपीठ : कार्यक्रमासाठी केलेली उंच जागा
मोल : किंमत, महत्त्व
वारसा : पूर्वजांकडून मिळालेला ठेवा

वाक्प्रचार

गिळंकृत करणे : पूर्णपणे बळकावणे
नावारूपाला येणे : प्रसिद्ध होणे
मान तुकवणे : शरण जाणे
मोडकळीस येणे : मोडण्याच्या बेतात असणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सरांनी लेखकाला काय करायला सांगितले?
(आ) पहिला गानमहोत्सव कोणत्या शहरात भरला?
(इ) ‘कोइदुला’ या नावाचा अर्थ काय?
(ई) लोक एर्नेसाक्स यांना प्रेमाने काय म्हणत?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या मैदानावर गायकाने कानांपेक्षा डोळ्यांवर का विसंबायचे असते?
(आ) १९६० च्या महोत्सवाच्या शेवटी काय घडले?
(इ) लेखकाने आवाज फुटलेल्या मुलाला कशी मदत केली?

प्रश्न ३. ‘एर्नेसाक्स यांनी सरकारी सन्मान घेतले, हे योग्य की अयोग्य?’ तुमचे मत कारणे देऊन आठ-दहा ओळींत लिहा.

प्रश्न ४. वचन बदला.
गाणे, रांग, मैदान, मुलगा, चाल, पुतळा

प्रश्न ५. खालील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) लोक रात्री मैदानावर जमले.
(आ) मी नुसते ओठ हलवले.

उपक्रम : शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला एका मित्राला उभे करा. त्याला दोन्ही हात उंच उचलून जोराने टाळी वाजवायला सांगा. दुसऱ्या टोकाला उभे राहून पाहा. टाळी आधी दिसते की आधी ऐकू येते? त्याचे कारण वर्गात मराठीतून सांगा.